'ॲक्टिव्ह' दिसणारा जॉब खरंच चालू आहे का? एसएपीमधले अडकलेले बॅकग्राउंड जॉब सोडवताना

प्रश्न थोडक्यात असा: एसएपी ईसीसी (कंपनीचे हिशेब, माल, विक्री सांभाळणारी सिस्टम), एक सेंट्रल इन्स्टन्स आणि दोन ॲप्लिकेशन सर्व्हर. रात्री डेटाबेसच्या लॉगची डिस्क भरली, सिस्टम तासभर गोठली आणि एक सर्व्हर रीस्टार्ट करावा लागला. सकाळी एसएम३७ (बॅकग्राउंड जॉबची यादी दाखवणारा स्क्रीन) मध्ये साठेक जॉब 'रिलीज्ड'वर अडकलेले आहेत आणि त्यांची वेळ केव्हाच उलटून गेली आहे. सात-आठ जॉब 'ॲक्टिव्ह' दिसतात, पण एसएम५० (सर्व्हरवर चालू असलेल्या प्रोसेसची यादी) मध्ये ते कुठेच सापडत नाहीत. काही 'कॅन्सल्ड' आहेत. हे सगळं रुळावर कसं आणायचं? कॅन्सल झालेले जॉब सरळ पुन्हा चालवले तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, सरळ चालवू नका. अडकलेला जॉब उशिरा संपला तर लोक थोडा वेळ कुरकुरतात. पण अर्धवट झालेला पोस्टिंगचा जॉब दुसऱ्यांदा पहिल्यापासून चालला, तर दुबार झालेल्या नोंदी शोधून उलटवण्यात अकाउंट्सचा आठवडा जातो.

दुसरी गोष्ट, जिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. एसएम३७ मध्ये जे स्टेटस दिसतं ती टीबीटीसीओ टेबलमधली एक नोंद असते. प्रत्यक्ष काम वर्क प्रोसेस, म्हणजे सर्व्हरवर चालणारी प्रोसेस, करते. सगळं सुरळीत असताना या दोन्ही गोष्टी जुळतात, सिस्टम कोसळली की जुळत नाहीत. त्यामुळे कशालाही हात लावण्याआधी नोंद आणि प्रोसेस यांचा ताळा घ्यायचा.

आधी नळ बंद करा

साठ जॉबची वेळ उलटलेली आहे. शेड्युलरला वाव मिळाला की तो मोकळ्या वर्क प्रोसेसमध्ये ते एकामागून एक ओतत राहील. कोणता कोणाच्या आधी चालायला हवा होता हे तो बघत नाही. म्हणून एसई३८ (प्रोग्रॅम चालवण्याचा स्क्रीन) मधून बीटीसीटीआरएनएस१ हा रिपोर्ट चालवा. तो 'रिलीज्ड' जॉबना 'रिलीज्ड-सस्पेंडेड' करतो. टीबीटीसीओ हे टेबल क्लायंटनिरपेक्ष असल्याने सगळ्या क्लायंटमधले (एकाच सिस्टममधल्या स्वतंत्र डेटाच्या कप्प्यांमधले) जॉब थांबतात, हे इतर क्लायंट वापरणाऱ्यांना आधी कळवा. उलट करणारा रिपोर्ट बीटीसीटीआरएनएस२. तो चालवला की वेळ उलटलेले सगळे जॉब एकदम सुटतात, म्हणून तो अगदी शेवटी.

एक सावधगिरी इथेच: या काळात कोणी इव्हेंट उठवला, म्हणजे बाहेरून एसएपीईव्हीटी चालली किंवा एखाद्या प्रोग्रॅमने बीपी_इव्हेंट_रेझला हाक मारली, आणि त्या इव्हेंटची वाट बघणारा जॉब सस्पेंडेड असला, तर तो इव्हेंट वाया गेला असं धरून चला. इंटरफेसवाल्यांना सांगून ठेवा आणि वाया गेलेल्या इव्हेंटची यादी करा. नंतर ते एसएम६४ मधून हाताने उठवावे लागतील.

एसएम३७ मध्ये नीट बघा

हे सांगायला नको असं वाटतं, पण निम्मा गोंधळ इथेच होतो. एसएम३७ उघडलं की युजरच्या जागी तुमचं नाव आणि तारखेत आजचा दिवस भरलेला असतो. जॉबचं नाव आणि युजर दोन्हीकडे तारा (*) टाका, तारीख दोन दिवस मागून घ्या, आणि खाली 'किंवा इव्हेंटनंतर' या खान्यातही तारा टाका. तो टाकला नाही तर इव्हेंटची वाट बघत बसलेले जॉब यादीत येतच नाहीत, आणि 'आमचा जॉब गायब झाला' अशी तक्रार येते. विलंब आणि कालावधी यांवर गाळून बघायचं असेल तर एसएम३७सी.

स्टेटसचे अर्थ लक्षात असू द्या, कारण प्रत्येकाचा आजार वेगळा. 'शेड्यूल्ड' म्हणजे जॉब बनलाय, पण सुटायची परवानगी किंवा वेळ दिलेली नाही. 'रिलीज्ड' म्हणजे वेळेची किंवा इव्हेंटची वाट बघतोय. 'रेडी' म्हणजे शेड्युलरने उचललाय आणि वर्क प्रोसेसच्या हातात जातोय. हा टप्पा क्षणभराचा असतो, म्हणून 'रेडी'वर मिनिटभराहून जास्त थांबलेला जॉब दिसला तर तो रांगेत नाही, बिघडलेला आहे. नंतर 'ॲक्टिव्ह', आणि शेवटी 'फिनिश्ड' किंवा 'कॅन्सल्ड'.

ॲक्टिव्ह, पण प्रोसेस नाही

टीबीटीसीओ एसई१६ (टेबल बघण्याचा स्क्रीन) मध्ये उघडा आणि स्टेटस 'आर' असलेल्या ओळी काढा. तीन रकाने महत्त्वाचे: आरईएएक्ससर्व्हर म्हणजे जॉब प्रत्यक्षात कुठल्या सर्व्हरवर चालला, डब्ल्यूपीनंबर म्हणजे वर्क प्रोसेसचा क्रमांक आणि डब्ल्यूपीप्रोकआयडी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा प्रोसेस आयडी. आता एसएम५१ (सर्व्हरची यादी) मधून त्या सर्व्हरवर जा, एसएम५० उघडा आणि जुळवा. सगळे सर्व्हर एकत्र हवे असतील तर एसएम६६, पण त्याच्या गाळण्या आधी बघून घ्या, नाहीतर बॅकग्राउंड प्रोसेस लपलेल्या असतात.

क्रमांक तोच पण प्रोसेस आयडी वेगळा, याचा अर्थ ती प्रोसेस मेली आणि तिच्या जागी नवी उभी राहिली. जॉब मेलेला आहे. प्रोसेस आयडी तोच पण तिच्यात दुसराच जॉब चाललाय, तरी तुमचा जॉब मेलेलाच. दोन्ही जुळलं आणि प्रोग्रॅमही तोच दिसला, तर जॉब जिवंत आहे. त्याला हात लावू नका, त्याच्याकडे नंतर येऊ.

मेलेल्या जॉबसाठी एसएम३७ मध्ये जॉब निवडून मेनूतलं 'स्टेटस तपासा' वापरा. नोंद आणि वास्तव जुळत नसेल तर तो ॲक्टिव्ह जॉब कॅन्सल्ड करतो आणि रेडीवर अडकलेला जॉब पुन्हा शेड्यूल्डवर आणतो. रीस्टार्ट झालेल्या सर्व्हरवरचे मेलेले जॉब बहुतेक वेळा सर्व्हर उठतानाच साफ होतात. उरतात ते सहसा रीस्टार्ट न झालेल्या सर्व्हरवरचे, जिथे डेटाबेसचं कनेक्शन तुटल्यामुळे वर्क प्रोसेस आपटली.

टीबीटीसीओमध्ये थेट एसक्यूएलने स्टेटस बदलायचा मोह होतो. करू नका. जॉबची माहिती एका टेबलात नसते. पायऱ्या टीबीटीसीपीमध्ये, वेळेवर सुटणाऱ्यांची नोंद टीबीटीसीएसमध्ये, इव्हेंटची वाट बघणाऱ्यांची बीटीसीईव्हीटीजॉबमध्ये असते. एकीकडे बदल केला आणि दुसरीकडे राहिला की असे जॉब तयार होतात जे दिसतात पण कधीच सुटत नाहीत. टेबलांमध्ये विसंगती असल्याचा संशय असेल तर एसएम६५ मधल्या अतिरिक्त चाचण्यांमध्ये डेटाबेस टेबलांची सुसंगती तपासा. पहिल्यांदा फक्त यादी घ्या, ती वाचा, आणि मगच विसंगती काढून टाकण्याचा पर्याय लावून पुन्हा चालवा.

जॉब मेला म्हणजे त्याचं सगळं काम थांबलं असंही नाही. दोन ठिकाणी शेपूट उरतं. डेटाबेसच्या बाजूला जुन्या सेशनचं रोलबॅक, म्हणजे पक्के न झालेले बदल उलटवणं, चालू असू शकतं. चार तास कमिट (बदल पक्के करणं) न करता चाललेल्या जॉबचं रोलबॅक तासन्‌तास चालतं आणि तोवर त्या ओळींवरची कुलुपं सुटत नाहीत. डीबीएकॉकपिटमध्ये (डेटाबेसवर देखरेखीचा स्क्रीन) सेशन बघा. दुसरं, जॉबच्या पायरीत बाहेरचा कमांड असेल, म्हणजे एसएम६९ मध्ये नोंदवलेला आणि एसएपीएक्सपीजीमार्फत चालणारा, तर एसएपीमध्ये जॉब कॅन्सल्ड झाला तरी ऑपरेटिंग सिस्टमवर ती स्क्रिप्ट चालूच राहू शकते. फाइल पाठवणारी स्क्रिप्ट असेल तर हे आधी बघा.

रिलीज्डवर का अडकतात

तुमच्या बाबतीत मूळ कारण डिस्क आहे. लॉगची जागा भरली की ओरॅकल डेटाबेसचा आर्काइव्हर (भरलेले लॉग बाजूला साठवणारी प्रोसेस) थांबतो आणि प्रत्येक बदल जागच्या जागी गोठतो. हाना डेटाबेसमध्येही लॉग व्हॉल्यूम भरलं की हाच प्रकार. एसएम५० मध्ये सगळ्या प्रोसेस कमिट किंवा इन्सर्टवर थांबलेल्या दिसतात. लोक अशा वेळी जॉब मारत सुटतात. उपयोग होत नाही, कारण रोलबॅकलाही लॉगची जागा लागते. जागा मोकळी करा, लॉगचा बॅकअप घ्या, बाकी आपोआप हलायला लागतं.

पण जागा मोकळी झाल्यावरही जॉब सुटत नसतील तर शेड्युलर कसा चालतो ते माहीत हवं. बॅकग्राउंड वर्क प्रोसेस असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर एसएपीएमएसएसवाय२ हा प्रोग्रॅम ठरावीक वेळाने जागा होतो. ही वेळ आरडिस्प/बीटीसीटाइम या पॅरामीटरमध्ये असते, डिफॉल्ट ६० सेकंद. तो टीबीटीसीएस वाचतो, वेळ झालेले जॉब काढतो आणि मोकळ्या बॅकग्राउंड प्रोसेस असतील तितके सोडतो. प्राधान्य जॉबच्या वर्गानुसार: वर्ग ए आधी, मग बी, मग सी. म्हणून मिनिटभराचा विलंब हा बिघाड धरायचा नाही.

खरी गोम अशी की हा शेड्युलर स्वतः *डायलॉग* वर्क प्रोसेसमध्ये, म्हणजे लोकांचं स्क्रीनवरचं काम करणाऱ्या प्रोसेसमध्ये, चालतो. सगळ्या डायलॉग प्रोसेस भरलेल्या असतील तर बॅकग्राउंडच्या प्रोसेस रिकाम्या बसलेल्या दिसतात आणि जॉब मात्र हलत नाहीत. आउटेजनंतर हे हमखास होतं: रांगेत साचलेले आरएफसी कॉल (दुसऱ्या सिस्टम किंवा सर्व्हरकडून आलेली कामं) आणि एकदम लॉगिन करणारे लोक मिळून डायलॉग प्रोसेस खाऊन टाकतात. एसएम५० मध्ये डायलॉगच्या ओळीही बघा, नुसत्या बॅकग्राउंडच्या नको.

बाकीची कारणं मी साधारण या क्रमाने तपासतो. आरडिस्प/बीटीसीटाइम चुकून शून्य ठेवलं असेल तर त्या सर्व्हरवर शेड्युलरच चालत नाही. ऑपरेशन मोड, म्हणजे कोणत्या वेळी किती प्रोसेस कोणत्या कामाला हे ठरवणारी मांडणी: आरझेड०४ आणि एसएम६३ मध्ये रात्रीचा मोड लागणार होता, पण सर्व्हर त्याच वेळी बंद होता, म्हणून तो दिवसाच्याच मोडमध्ये राहिला आणि बॅकग्राउंड प्रोसेस दोनच उरल्या. आरझेड०३ मधून मोड हाताने बदला. त्यानंतर ठरावीक सर्व्हर: टीबीटीसीओमध्ये एक्झेकसर्व्हर भरलेला असेल आणि तो सर्व्हर बंद असेल किंवा त्याचं नाव बदललं असेल, तर तो जॉब अनंतकाळ थांबतो, दुसऱ्या सर्व्हरवर जात नाही. सिस्टम कॉपीनंतर हे फार दिसतं. जॉबला एकच सर्व्हर बांधून ठेवण्याऐवजी एसएम६१ मध्ये जॉब सर्व्हर ग्रुप बनवा. एसएपी_डीफॉल्ट_बीटीसी नावाचा ग्रुप बनवला तर सर्व्हर न सांगितलेले सगळे जॉब त्याच ग्रुपमधल्या सर्व्हरवर जातात; त्या ग्रुपमधला एकमेव सर्व्हर बंद पडला तर काय होईल ते सांगायला नको.

घड्याळं हे शेवटचं. डेटाबेस आणि ॲप्लिकेशन सर्व्हर यांच्या वेळेत फरक पडला असेल तर जॉब लवकर किंवा उशिरा सुटतात. आरएसडीबीटाइम रिपोर्ट हा फरक दाखवतो. व्हर्च्युअल मशीन थांबवून परत सुरू केलं असेल तर हे नक्की बघा.

शेड्यूल्डवर अडकलेल्यांचं वेगळं. बनवणाऱ्याला एस_बीटीसीएच_जॉबमध्ये रिलीज करण्याचा अधिकार नसतो, किंवा प्रोग्रॅमने जॉब_क्लोज करताना सुटण्याची वेळच दिलेली नसते, किंवा आधीच्या जॉबवर 'यशस्वी झाला तरच' अशी अट असते आणि तो आधीचा कॅन्सल्ड झालेला असतो. तुमच्याकडे आज तिसरा प्रकार भरपूर सापडेल. बाहेरचा शेड्युलर जोडलेला असेल आणि आयएनआयटीएक्सबीपी२ मधून इंटरसेप्शन चालू असेल, तर जॉब मुद्दाम अडवलेले असू शकतात. ते तिकडूनच सोडायचे.

जिवंत पण लांबलेला

आता तो जॉब, जो खरंच चालू आहे पण रोज चाळीस मिनिटांत संपतो आणि आज तीन तास झाले. अडकलाय की काम करतोय? एसएम५० मध्ये त्याची ओळ बघा, अर्ध्या मिनिटाने ताजी करा, पुन्हा बघा. टेबलाचं नाव बदलत असेल किंवा प्रोसेसचा सीपीयू वेळ वाढत असेल तर काम चालू आहे. सतत एकाच टेबलावर वाचन चालू असेल तर सहसा एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेसने निवडलेला वाचनाचा मार्ग) बिघडलेला किंवा डेटा अचानक वाढलेला असतो. कारणाच्या रकान्यात आरएफसी दिसलं तर जॉब स्वतः काहीच करत नाही, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतोय. समांतर चालणारे जॉब असिंक्रोनस आरएफसीने डायलॉग प्रोसेस वापरतात, म्हणजे पुन्हा डायलॉगचाच तुटवडा. आरझेड१२ मधल्या ग्रुपच्या मर्यादा बघा. डेटाबेसच्या कुलुपासाठी डीबीएकॉकपिट, एसएपीच्या कुलुपासाठी एसएम१२.

बॅकग्राउंडला आरडिस्प/मॅक्स_डब्ल्यूपीरन_टाइमची मर्यादा लागत नाही. ती फक्त डायलॉगला. म्हणून बिघडलेला जॉब आपोआप मरेल याची वाट बघू नका, तो दोन दिवसही चालेल.

मारायचाच असेल तर पायरीपायरीने. आधी एसएम३७ मधून 'ॲक्टिव्ह जॉब थांबवा'. पाच-दहा मिनिटं द्या. मग एसएम५० मधून कोर (मेमरीची प्रत) न घेता कॅन्सल. मग डीपीएमॉन, म्हणजे कमांड लाइनवरून प्रोसेस बघण्याचं साधन. ऑपरेटिंग सिस्टमवरून प्रोसेस मारणं सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर डेटाबेस सेशन नक्की बघायचं.

कॅन्सल्ड: कारण वाचा

जॉब लॉग आधी. 'जॉब लॉग वाचताना चूक' असं आलं तर लॉगची फाइलच नाही. हे लॉग ग्लोबल डिरेक्टरीत क्लायंटनुसार ठेवलेले असतात, म्हणजे क्लायंट १०० साठी १००जॉबएलजी. ती फाइल सिस्टम भरली, किंवा जागा असूनही आयनोड (फाइलच्या नोंदीसाठीच्या जागा) संपले, तर जॉब आपटतात आणि लॉगही मिळत नाही. युनिक्सवर डीएफला आय पर्याय लावून बघा. लाखो चिमुकल्या फाइल हा नेहमीचा गुन्हेगार. अशा वेळी एसएम२१ (सिस्टम लॉग) आणि वर्क प्रोसेसचा ट्रेस, जो एसटी११ मध्ये दिसतो, हेच आधार.

लॉगमध्ये डंपचं (प्रोग्रॅम कोसळल्याच्या अहवालाचं) नाव असेल तर तो एसटी२२ मध्ये. डेटाबेस एसक्यूएलची चूक असेल तर ती कालच्या आउटेजची. तिच्या मागे दुसरं कारण शोधत बसू नका. मेमरी संपल्याचा डंप असेल तर तो आउटेजशी संबंधित नाही, त्याला वेगळं काढा. 'युजरचं लॉगिन झालं नाही' असं असेल तर पायरीचा युजर, म्हणजे टीबीटीसीपीमधला ऑथसीकेनॅम, ॲडमिनने लॉक केलाय, डिलीट झालाय किंवा त्याची वैधता संपलीय. पासवर्ड जुना झाला म्हणून जॉब थांबत नाही, त्याला पासवर्ड लागतच नाही. पण कर्मचारी नोकरी सोडून गेला, त्याचा युजर लॉक झाला आणि महिनाअखेरचे सहा जॉब त्याच्या नावावर होते, हे प्रत्येक मोठ्या सिस्टममध्ये कधी ना कधी घडतं. जॉब 'सिस्टम' प्रकारच्या युजरवर ठेवा.

'सिस्टम एक्सेप्शन एरर_मेसेजनंतर जॉब रद्द' हा संदेश लोकांना घाबरवतो, पण अर्थ साधा आहे: प्रोग्रॅमने ई प्रकारचा मेसेज दिला. स्क्रीनवर तो लाल पट्टीत दिसतो आणि माणूस पुढे जातो. बॅकग्राउंडमध्ये कोणी बघायला नसल्यामुळे जॉबच संपतो. त्याच्या आधीची ओळ वाचा, खरं कारण तिथे असतं. 'हाताने चालवलं की चालतं, बॅकग्राउंडला आपटतं' या तक्रारींमागे हे, युजरच्या अधिकारांतला फरक, किंवा प्रोग्रॅमने युजरच्या संगणकावर फाइल लिहायचा प्रयत्न करणं, यांपैकी एक असतं. बॅकग्राउंडला युजरचा संगणक दिसत नाही.

यादी छापणारे सगळेच जॉब आपटत असतील तर स्पूल, म्हणजे छापायच्या मजकुराची साठवण, बघा. स्पूल क्रमांकांची मर्यादा एसपीओ_नम या नंबर रेंजमध्ये असते, मुळात ३२०००. तितक्या स्पूल विनंत्या साचल्या की नवी बनत नाही. आरएसपीओ१०४१ ने जुन्या काढा, आणि आरएसपीओ१०४३ ने टेमसेची (स्पूलचा मजकूर जिथे साठतो त्या जागेची) सुसंगती तपासा.

पुन्हा चालवायचं का?

इथे घाई नको. कॅन्सल झालेल्या जॉबचं काम डेटाबेसने पूर्ण उलटवलं असेल असा समज असतो. रोलबॅक होतं ते फक्त शेवटच्या कमिटनंतरचं. दर १००० ओळींना कमिट करणारा प्रोग्रॅम ४६,३०० ओळींवर मेला, तर ४६,००० ओळी पक्क्या झाल्या आहेत आणि ३०० गेल्या.

म्हणून जॉबचे प्रकार करा. जे स्टेटस बघून काम उचलतात ते सुरक्षित. येणारे आयडॉक (सिस्टममधल्या देवाणघेवाणीचे दस्तऐवज) प्रक्रिया करणारा आरबीडीएपीपी०१ स्टेटस ६४ चेच उचलतो. झालेले ५३ वर गेलेले असतात, त्यांना तो हात लावत नाही. बाहेर जाणारे पाठवणारा आरएसईओयूटी००, स्टेटस ३० चे. उघड्या नोंदी मिटवणारा एसएपीएफ१२४ ही तसाच. हे खुशाल पुन्हा चालवा. रिपोर्ट आणि फाइल काढणारे जॉबही चालवा, फक्त समोरच्या सिस्टमने अर्धवट फाइल आधीच उचललेली नाही ना हे विचारून.

ज्यांचं स्वतःचं नियंत्रण आहे ते एसएम३७ मधून कॉपी करून चालवायचे नाहीत. एफ११० चं पेमेंट रन तुटलं तर एफ११० मध्येच जाऊन त्या रनचं स्टेटस बघा आणि तिथूनच पुढे न्या. जुन्या ॲसेट अकाउंटिंगमधल्या घसाऱ्यासाठी एएफएबीमध्ये 'रीस्टार्ट' हा वेगळा पर्याय त्यासाठीच आहे. 'रिपीट' निवडणं ही वेगळी गोष्ट. बॅच इनपुटचं सेशन एसएम३५ मध्ये 'प्रक्रिया चालू' असं अडकलेलं असेल तर मेनूतून ते रिलीज करा, लॉग बघा आणि उरलेलेच व्यवहार चालवा.

उरतात ते तारखेचा पट्टा घेऊन सरळ पोस्ट करणारे, बहुतेक घरी लिहिलेले झेड प्रोग्रॅम. इथे मोजणी केल्याशिवाय गत्यंतर नाही. फायनान्सचे दस्तऐवज बीकेपीएफमध्ये: युएसनॅममध्ये पायरीचा युजर, सीपीयूडीटी आणि सीपीयूटीएममध्ये जॉब सुरू झाल्यापासूनची वेळ. मालाचे एमकेपीएफमध्ये, रकाने तेच. विक्रीच्या ऑर्डर व्हीबीएकेमध्ये ईआरनॅम, ईआरडॅट, ईआरझेडईटी. जी संख्या येईल ती स्रोताशी ताडून बघा. मग एसएम१३, म्हणजे डेटाबेसमध्ये लिहायच्या राहिलेल्या अपडेटची यादी: जॉबने अपडेट टाकलं आणि ते तिथेच पडून राहिलं, असंही असतं. आधी दस्तऐवज मोजले, जॉब पुन्हा चालवला आणि नंतर कोणीतरी एसएम१३ मधलं अडकलेलं अपडेट पुन्हा पोस्ट केलं, तर दुबार नोंद झालीच. एसएम१३ चा निकाल लावल्याशिवाय मोजणी पूर्ण झाली असं समजू नका.

आणि तारखा. व्हेरियंटमध्ये (प्रोग्रॅमला द्यायच्या माहितीच्या जतन केलेल्या संचात) तारीख 'आजची' अशी चल ठेवलेली असेल तर कालचा जॉब आज चालवल्यावर तो आजचा डेटा उचलतो. कालचा दिवस कायमचा राहून जातो, आणि हे महिन्याच्या शेवटी कळतं. व्हेरियंट टीव्हीएआरव्हीसीमधून (चल मूल्यांचं सामायिक टेबल) तारीख घेत असेल तर ते मूल्य रात्रीतून दुसऱ्या एखाद्या जॉबने पुढे सरकवलंय का तेही बघा. मूळ व्हेरियंट बदलू नका, कारण उद्याचा जॉबही तोच वापरणार आहे. वेगळा व्हेरियंट बनवा, त्यात कालची तारीख पक्की लिहा, जॉबची कॉपी करा आणि कॉपीच्या पायरीत तो लावा.

नियतकालिक जॉबबद्दल: चालू जॉब *सुरू होताना* पुढचा रिलीज्ड जॉब बनतो. म्हणजे आजचा कॅन्सल झाला तरी साखळी तुटत नाही. पण 'हा जुना दिसतोय' म्हणून रिलीज्ड ओळ डिलीट केली की साखळी संपते. शिवाय आधीचा संपला नाही म्हणून पुढचा थांबत नाही. तासाचा जॉब दोन तास चालला तर दोन एकाच वेळी चालतात. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एन्क्यूचं (एसएपीचं) कुलूप घेणं हा यावरचा नीट उपाय, निदान बीपी_फाइंड_जॉब्स_विथ_प्रोग्रॅमने तपासणी तरी.

सोडण्याचा क्रम

रिकाम्या प्रोसेस मोजा. समजा ६ बॅकग्राउंड प्रोसेस आहेत आणि दहा-दहा मिनिटांचे ४० जॉब साचलेत. सहा-सहा घेतले तर सात फेऱ्या, म्हणजे ७० मिनिटं. पण आरझेड०४ मध्ये वर्ग ए साठी २ राखीव असतील तर बी आणि सी वर्गाला चारच मिळतात, म्हणजे दहा फेऱ्या आणि १०० मिनिटं. राखीव म्हणजे अमुक दोन प्रोसेस बाजूला काढलेल्या नसतात. कोणत्याही दोन मोकळ्या ठेवल्या जातात. घाईत सगळ्यांना वर्ग ए देऊ नका, सगळेच ए झाले की कोणीच ए राहत नाही.

सस्पेंडेड यादीतून वेळ उलटलेले जॉब बाजूला काढा. ज्यांची आता गरज नाही, म्हणजे दर दहा मिनिटांनी चालणारे, त्यांची फक्त पुढची वेळ बदला. डेटा आत आणणारे इंटरफेस आधी, त्यावर अवलंबून असलेले हिशेब नंतर, रिपोर्ट आणि साफसफाई शेवटी. तुटलेल्या साखळीतला पहिला जॉब यशस्वी झाला की शेड्यूल्डवर पडलेले त्याचे वारस हाताने रिलीज करा. कॉपी करून चालवलेला जॉब त्यांच्या दृष्टीने वेगळा जॉब असतो, तो संपल्याचं त्यांना कळत नाही. यादीत वेळ उलटलेलं काहीच उरलं नाही की बीटीसीटीआरएनएस२ चालवा, आणि पुढचे दोन शेड्युलर फेरे, म्हणजे दोन-तीन मिनिटं, एसएम६६ समोर ठेवा. वाया गेलेल्या इव्हेंटची यादी आता एसएम६४ मधून उठवा.

एसएपी_रीऑर्ग_जॉब्स हा जॉब रात्री चालला होता का तेही बघून ठेवा. तो आरएसबीटीसीडीईएल२ चालवतो आणि जुने जॉब काढतो. तो महिनोन्‌महिने बंद असेल तर टीबीटीसीओ फुगतं, एसएम३७ उघडायला मिनिट लागतं आणि शेड्युलरही मंदावतो. पण आज नको: तपास पूर्ण होईपर्यंत रात्रीचे जॉब लॉग तुम्हाला हवे आहेत, आणि त्याच्या व्हेरियंटमध्ये किती दिवसांची मुदत लिहिली आहे ते पाहिल्याशिवाय तो सोडू नका.